पाण्याबाहेरच्या दोघी

“बाई, मी बुडलो तर माझ्या कबुतरांना दाणे कोण घालणार?”

“कबुतरांचं कबुतरं बघतील, बूथसाहेब. तुम्ही आधी तो कठडा सोडा.”

क्लिफर्ड बूथने कठडा सोडला नाही. ब्रॅकेनशॉच्या सार्वजनिक तरणतलावात, पायाला तळ लागत नाही अशा खोल बाजूला, तो दोन्ही हातांनी काठाची नळी घट्ट धरून लोंबकळत होता. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडलेला, बायको गेल्यावर घरात करमेना म्हणून पोहायला शिकायचं मनावर घेतलेला, सत्तरीला टेकलेला माणूस. उथळ बाजूला तो आता बऱ्यापैकी हातपाय मारी. खोल पाण्यात उतरायची मात्र ही पहिलीच वेळ.

काठावर ऑड्री स्टॅन्सफील्ड उभी होती. अंगात निळा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, हातात आकडा लावलेली लांब काठी. मंगळवारी सकाळी पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांचा वर्ग असे आणि तो गेली कित्येक वर्षं ऑड्रीच घेत होती. यॉर्कशरच्या त्या गिरणगावात निम्म्या लोकांना तिने पाण्यात ढकललं होतं, आणि सगळे तिला ‘बाई’च म्हणत.

समोरच्या काठावर, खांद्यावर कॅमेरा घेऊन, तलावावर माहितीपट काढणारी ग्लेनिस प्यू उभी होती. तिच्या मागे दोन पावलांवर लिंडन, लांब काठीच्या टोकाला बांधलेला माइक पाण्यावर धरून.

“सोडतो,” क्लिफर्ड म्हणाला. “पण सगळ्यांनी इकडे बघा.”

त्याने खरंच सोडला. एक हात, दुसरा हात, पुन्हा पहिला. वर्गातल्या बायका उथळ पाण्यातून टाळ्या वाजवू लागल्या. ग्लेनिसने कॅमेरा हळूच वर उचलून ऑड्रीच्या चेहऱ्यावर नेला. विद्यार्थी तरतो तेव्हा मास्तरणीचं तोंड बघायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला ते आतूनच कळत असे.

आणि नेमकी तेव्हाच क्लिफर्डला मिरवायची हुक्की आली. तलावाच्या मध्यावर त्याने कॅमेऱ्याकडे बघून एक हात वर केला आणि कडक सलाम ठोकला. दुसऱ्या क्षणी तो पाण्याखाली होता.

ग्लेनिसला ते भिंगातून दिसलं नाही. तिला दिसला तो ऑड्रीचा चेहरा. हसू तसंच राहिलेलं, पण त्याच्यामागून माणूस निघून गेल्यासारखा. काठी हातात होती. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर ती क्लिफर्डपर्यंत सहज पोचली असती. ऑड्री हलली नाही. तिचे डोळे पाण्यावर होते आणि हात दगडाचे झाले होते.

“ग्लेनिस!” मागून लिंडन ओरडला. “कॅमेरा ठेव! बुडतोय तो!” माइकची काठी फरशीवर धाडकन आदळली. उंच खुर्चीवरून टीनाने, तलावाच्या तरुण पहारेकरणीने, सूर मारला.

कॅमेरा ऑड्रीवरच होता. तो तसूभरही हलला नाही.

टीनाने क्लिफर्डला काखेत धरून काठाला आणलं. तो खोकला, पाणी ओकला, लालबुंद झाला, आणि मग बोळक्या तोंडाने किंचाळला, “दात! माझे वरचे दात!”

तलावभर हशा पिकला. टीना दात शोधायला पुन्हा तळाशी गेली. ऑड्रीही हसली, पण सगळ्यांच्या थोडी मागून. व्यवस्थापक धावत आला तेव्हा ती म्हणाली, “काही नाही झालं. पाणी प्यायला थोडं. मी काठी टाकतच होते, तेवढ्यात या पोरीने उडी मारली.”

ग्लेनिसने ते ऐकलं. तिने कॅमेरा खाली घेतला आणि रीळ बदलायला घेतलं.

दुपारी गाडीत बसून ती आणि लिंडन कागदात गुंडाळलेले मासे आणि बटाट्याचे काप खात होते. लिंडनचे आईवडील सेंट किट्स बेटावरून लीड्सला आले होते. तो तिथेच जन्मला, वाढला. ग्लेनिसबरोबर त्याने टपाल छाटणी कचेरीचा माहितीपट केला होता, बायकांच्या तुरुंगातल्या धोबीखान्याचा केला होता, लग्ननोंदणी कार्यालयाचा केला होता. एरवी गाडीत तो सकाळभर टिपलेल्या आवाजांच्या नकला करून तिला हसवून बेजार करी. आज तो व्हिनेगरने ओला झालेला कागद चुरगाळत राहिला.

“तू थांबवला नाहीस कॅमेरा,” तो शेवटी म्हणाला.

“मला पोहता येत नाही, लिंडन.”

“मलाही नाही येत. मी ओरडलो.”

“टीना होती ना तिथे.”

“टीना आहे हे तू बघितलं होतंस? खरं सांग.”

ग्लेनिसने काचेवर साचलेली वाफ बाहीने पुसली. “मी माझं काम करत होते.”

“तेच म्हणतोय मी,” लिंडन म्हणाला आणि त्याने गाडी चालू केली.

त्यानंतर त्याने कामात काही कसूर केली नाही. वेळेवर यायचा, माइक धरायचा, आवाज स्वच्छ घ्यायचा. फक्त थर्मासमधला चहा आता तो एकाच कपात ओतायचा.

ग्लेनिसला आपल्या कामाची खात्री होती, आणि ती उगाच नव्हती. वेल्समधल्या एका खाणीच्या गावात, प्रार्थनाघराची झाडलोट करणाऱ्या बापाच्या घरी ती वाढली. कार्डिफला फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली ती रसायनांच्या बादल्या उचलायला. दिवसभर दुसऱ्यांची चित्रं अंधारात उमटताना बघून तिला कळलं, की बहुतेकांना बघताच येत नाही. ते दाखवायच्या घाईत असतात. मग लोकांच्या लग्नात कॅमेरा धरत धरत ती इथवर आली होती. तिची एक पद्धत होती. नव्या ठिकाणी गेलं की पहिले काही आठवडे ती कॅमेरा खांद्यावर घेऊन फिरे, पण त्यात फिल्म घालत नसे. लोक आधी केस सारखे करत, मोठ्याने बोलत, मग कंटाळत, मग तिला विसरत. ती विसरली गेली की मग ती फिल्म भरी. कुणालाही ‘पुन्हा एकदा करा’ असं ती कधी म्हणाली नव्हती. आणि माहितीपट दूरचित्रवाणीवर जाण्याआधी ज्यांच्यावर तो काढला त्यांना तो दाखवायचा, हाही तिचाच नियम होता. वाहिनीतल्या साहेबांना तो मुळीच आवडत नसे.

लंडनमधले मोठमोठे लोक इंग्लंडच्या राजवाड्यांवर माहितीपट काढत. ग्लेनिस म्हणे, देश कसा चालतो ते बघायचं तर जिथे माणसं रांगेत उभी राहतात तिथे जा. म्हणून ती ब्रॅकेनशॉला आली होती. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला तो तलाव, हिरव्या फरशीच्या भिंती, काठाने लाकडी दारांच्या कपडे बदलायच्या खोल्या, पोहून झाल्यावर यंत्रातून मिळणारं मांसाच्या अर्काचं गरम पेय. छत गळत होतं, बॉयलर खोकत होता, आणि तलाव चालू ठेवायचा की नाही यावर नगरपालिकेची समिती वसंतात मत देणार होती. माहितीपट त्याच्या आधी दाखवला जाणार होता. गावाला त्याची मोठी आस होती.

संकलनाला बसली तेव्हा ते रीळ तिने पहिल्याच आठवड्यात बघितलं. तिच्या हातून आजवर इतकं खरं काही टिपलं गेलं नव्हतं. ऑड्रीचा तो चेहरा, तो थिजलेला हात, चित्राची ती स्थिर चौकट. मग लिंडनची हाक. तिने यंत्र थांबवलं, पुन्हा चालवलं, पुन्हा थांबवलं. मग फिल्म कापली, गुंडाळली आणि मागच्या फळीवर ठेवून दिली. क्लिफर्ड कठडा सोडतो, टाळ्या वाजतात, आणि पुढच्या चित्रात टीना तळातून दात घेऊन वर येते, असं तिने जोडलं. धमाल दिसत होतं. बिचारी ऑड्री, तिने स्वतःला सांगितलं. आयुष्यभर चांगलं काम केलेल्या बाईला एका क्षणासाठी का उघडं पाडायचं? त्यातून समितीचं मतदान तोंडावर. माणसाने कधीतरी दयाही दाखवावी.

वाहिनीतल्या ज्युलियनने लंडनहून फोन केला. “ग्लेनिस, काय उबदार झालंय! त्या दातांवर तर आम्ही हसून हसून खुर्चीतून पडलो.”

“आभारी आहे,” ग्लेनिस म्हणाली. तिला पहिल्यांदाच कौतुक ऐकून बरं वाटलं नाही.

ऑड्री माहितीपट बघायला लीड्सला आली ती रविवारची टोपी घालून आणि घरी केलेल्या आल्याच्या केकचा डबा घेऊन. संकलनाच्या त्या खुराड्यात दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. ऑड्री पोट धरून हसली. वर्गातली एक बाई पहिल्यांदा पाण्यात तोंड घालते तिथे तिने डोळे टिपले. दातांच्या प्रसंगावर मात्र ती हसली नाही. पडदा पांढरा झाला, दिवा लागला.

“छान केलंयस,” ती म्हणाली. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. “तो कुठाय?”

“काय?”

“तू समोर उभी होतीस, ग्लेनिस. कॅमेरा माझ्यावर होता. मी कुठाय त्यात?”

ग्लेनिसने केकचा तुकडा खाली ठेवला. “मी तो प्रसंग कापला. म्हटलं, तुला कशाला त्रास. समिती पण आहे पुढच्या महिन्यात. त्यांना तलाव बंद करायला आयतंच कारण मिळेल.”

“आणि तलाव चालू राहिला, मी तशीच काठी घेऊन उभी राहिले, आणि त्या दिवशी टीना चहाला गेलेली असली तर?”

ग्लेनिसची नजर मागच्या फळीकडे गेली.

“हात हललेच नाहीत गं माझे,” ऑड्री म्हणाली. तिचा आवाज वर्गात असे तसाच, कोरडा आणि स्पष्ट. “का, ते विचारू नकोस. मलाच माहीत नाही. आजवर किती जणांना ओढून काढलं, मोजदाद नाही. आणि त्या दिवशी नाही हलले. खोल बाजू मी तेव्हापासून सोडलीय. कुणी विचारलं तर गुडघा धरलाय म्हणून सांगते. घरी नवऱ्यालाही हेच सांगितलंय. रोज वाटायचं, आज सांगू. मग म्हटलं, जाऊ दे, ग्लेनिसचा सिनेमा येईल, तो सांगेल. सगळी वाट त्याचीच बघत होते मी. आणि तू बाई मला देवी करून ठेवलंस!”

“ऑड्री, मला तुला सांभाळायचं होतं.”

“मी काय सांगते त्या लोकांना दर मंगळवारी? भीती वाटते तर मोठ्याने म्हणा, लपवलीत तर बुडाल. आता तीच बाई पडद्यावर पितळेसारखी चमकणार होय? दाखव मला.”

ग्लेनिसने फळीवरचं रीळ काढलं आणि यंत्रावर चढवलं. छोट्या पडद्यावर ऑड्रीचा चेहरा आला. हसू, आणि मग ते रिकामं होणं. मग हाक: “ग्लेनिस! कॅमेरा ठेव! बुडतोय तो!” ऑड्री दचकली.

“हे कोण ओरडलं? मी त्या दिवशी ऐकलंच नाही.”

“लिंडन.”

“कुणाला म्हणाला?”

“मला.”

ऑड्री पडद्याकडे बघत राहिली. चित्र स्वच्छ होतं, चौकट सरळ होती, कडा भिंतीच्या फरशीशी नेमक्या जुळल्या होत्या. ती पुढे झुकून हळू म्हणाली, “तुझा कॅमेरापण नाही गं हलला.”

ग्लेनिसने पडद्यावरच्या त्या सरळ चौकटीकडे बघितलं. लोक तिला नेहमी म्हणत, तुझा हात किती स्थिर आहे! तिने ते शाबासकी म्हणूनच घेतलं होतं.

“म्हणजे माझ्यासाठी नव्हतं कापलंस तू हे,” ऑड्री म्हणाली. त्यात राग नव्हता. जिन्याच्या अंधारात कुणीतरी ओळखीचं भेटावं तसा तिचा सूर झाला होता.

“तुझ्यासाठी कापलं असं मला वाटत होतं,” ग्लेनिस म्हणाली. “अगदी मनापासून वाटत होतं.”

“वाटतं गं. मलाही गुडघा दुखतोय असंच वाटायला लागलं होतं.” ऑड्रीने टोपी घातली, डब्याचं झाकण लावलं आणि मग पुन्हा उघडून उरलेला केक टेबलावर ठेवला. “ठेव ते सिनेमात. दोघींचं ठेव. व्यवस्थापकाला मी उद्याच सांगते. त्याला टीव्हीवरून कळायला नको.”

तिने सांगितलंही. व्यवस्थापक बराच वेळ पेन उघडझाप करत बसला आणि मग म्हणाला, की खोल बाजूला यापुढे एकटं कुणी उभं राहायचं नाही, दोघं हवेत; आणि बाईंनी उथळ पाण्यातला वर्ग मात्र सोडू नये.

ज्युलियनने नवा माहितीपट बघून ताबडतोब फोन केला. “ग्लेनिस, प्रसंग जबरदस्त आहे, प्रश्नच नाही. वकिलांना दाखवावा लागेल, पण बसेल. फक्त तो मागचा आरडाओरडा तेवढा पुसून टाक. ध्वनीतला दोष वाटतो तो. आणि तुझं नावही येतं त्यात. बघणाऱ्याचं लक्ष उडतं.”

“कुठे उडतं?”

“तुझ्याकडे.”

“मग उडू दे,” ग्लेनिस म्हणाली. “तो दोष नाही, ज्युलियन. तो माझा माणूस आहे, आणि तो मला हाक मारतोय. हाक राहणार.”

“विचार कर. लोक पत्रं लिहितील. माणूस बुडत होता आणि बाई शूटिंग करत होती, असं म्हणतील.”

“बरोबरच म्हणतील. तसंच झालं होतं.”

ज्युलियन बराच वेळ अडून बसला, चिडला, मग दमला. ग्लेनिस दमली नाही. या धंद्यात लंडनशी वाद कसे जिंकायचे, ते ती फार पूर्वी शिकली होती: आवाज चढवायचा नाही आणि फोन आपण आधी ठेवायचा नाही.

आवाजाची अंतिम जुळणी करायला लिंडन आला. तो प्रसंग तिने परत घातलाय हे तिने त्याला मुद्दाम सांगितलं नव्हतं. तो टेबलाशी बसला, टाळ्यांचा आवाज वरखाली करत पुढे सरकला, आणि अचानक त्याचाच आवाज खोलीत फुटला. त्याने यंत्र थांबवलं. मान वळवून तिच्याकडे बघितलं.

“कमी करू?” त्याने विचारलं. बोट खटक्यावर होतं.

“नको. जेवढा होता तेवढा राहू दे.”

“लोक तुला धारेवर धरतील, ग्लेनिस.”

“तू धरलंसच की. मेले का मी?”

त्या दिवसानंतर लिंडन पहिल्यांदाच हसला. त्याने तो प्रसंग पुन्हा सुरुवातीपासून लावला, हाकेपाशी आला, आणि खटक्याला हात न लावता पुढे गेला. मग पायापाशी ठेवलेला थर्मास उघडून त्याने दोन कप भरले.

माहितीपट गावाला आधी दाखवायचा ठरला तो रविवारी दुपारी, तलावातच. हिवाळ्यात तलाव रिकामा करून त्यावर लाकडी फळ्या टाकायची आणि वर नाच, लग्नं, मुष्टियुद्धाचे सामने भरवायचे, अशी त्या गावची जुनी रीत. त्या फळ्यांवर खुर्च्या मांडल्या होत्या. खोल बाजूला पडदा लावला होता. चहाच्या टेबलावर बायकांनी डुकराच्या मांसाचे वडे आणि जॅमच्या पोळ्या रचल्या होत्या. नगरपालिकेच्या समितीतले दोघं कोट न काढता मधल्या रांगेत बसले होते. समितीने पुढे तलाव आणखी एक वर्ष चालवला, आणि मग बंद केला तो बॉयलर फुटला म्हणून. पण हे त्या दुपारी कुणालाच ठाऊक नव्हतं.

ऑड्री पहिल्या रांगेत एकटीच बसली होती. नवरा घरी राहिला होता. तिने त्याला सगळं सांगितलं होतं आणि त्याला ते अजून पचलं नव्हतं. शेजारच्या खुर्चीवर तिने आपला कोट आणि हातातली पिशवी ठेवली होती.

ग्लेनिस नेहमीसारखी मागे, प्रोजेक्टरपाशी उभी राहिली. आपला माहितीपट ती कधीच बसून बघत नसे. मागून लोकांच्या मानांवरून तिला सगळं कळे: कुठे हसतात, कुठे चुळबुळतात, कुठे श्वास धरतात.

लोक पहिल्यापासूनच हसत होते. स्वतःला पडद्यावर बघून बायका एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. मग क्लिफर्ड कठड्याला लोंबकळताना दिसला. “बघा, आता बघा!” क्लिफर्ड खुर्चीतूनच ओरडला. त्याने कठडा सोडला, टाळ्या पडल्या, पडद्यावरही आणि फळ्यांवरही. मग ऑड्रीचा चेहरा पडदाभर झाला.

तो चेहरा त्या सगळ्यांना पाठ होता. त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात भेदरलेल्या क्षणी तो त्यांच्या डोक्यावर वाकलेला असे. आज तो तिथे होता आणि नव्हता. कुणीतरी हातातली बशी खाली ठेवली. समितीतला एकजण दुसऱ्याच्या कानाला लागला.

“ग्लेनिस! कॅमेरा ठेव! बुडतोय तो!”

भिंतींच्या हिरव्या फरशीवरून ती हाक घुमून परत आली. आणि चित्र हललं नाही. लोकांना ते कळायला थोडा वेळ लागला. मग एकेक मान वळू लागली. कडेच्या, मधल्या, पुढच्या रांगेतल्या. सगळे मागे, प्रोजेक्टरच्या उजेडाशेजारी उभ्या असलेल्या बाईकडे बघू लागले. इतकी वर्षं ग्लेनिस माणसांकडे बघत आली होती. इतक्या जणांनी एकदम तिच्याकडे बघायची ही पहिली वेळ. तिचा हात आपसूक प्रोजेक्टरच्या कडेला गेला, आणि तिने तो काढून घेतला. ती ताठ उभी राहिली. नजर खाली घातली नाही. बघा, तिला वाटलं, नीट बघा. मीही तुमच्याकडे अशीच बघत होते.

पडद्यावर टीनाने सूर मारला. क्लिफर्डचं बोळकं तोंड वर आलं. हसायचं की नाही, ते कुणाला कळेना.

“अरे हसा की!” क्लिफर्ड खऱ्याखुऱ्या आवाजात ओरडला. “बुडालो मी, आणि तोंडं तुम्ही काय पाडताय?”

कुणीतरी फसकन हसलं, मग दुसरं, मग बांध फुटल्यासारखे सगळेच. त्या हशात ऑड्री मागे वळली नाही. पहिल्या रांगेत ती तशीच, पडद्याकडे तोंड करून बसली होती. तिने फक्त हात लांब करून शेजारच्या खुर्चीवरचा कोट उचलला, पिशवी उचलली, आणि दोन्ही आपल्या मांडीवर घेतली.

ग्लेनिसने ते मागून बघितलं. प्रोजेक्टर लिंडनवर सोपवून ती खुर्च्यांच्या मधल्या वाटेने पुढे निघाली. पायाखाली रिकामा तलाव होता. प्रत्येक पावलाला फळ्या पोकळ वाजत होत्या आणि सगळ्यांना ऐकू येत होत्या. ती पहिल्या रांगेपाशी आली, वाकली आणि त्या खुर्चीत बसली.

दोघी समोर बघत राहिल्या.